कॉलेजच्या सामायिक पॉलीहाऊसमध्ये ढबू मिरचीची पानं मुरडलीत, काकडी पिवळी पडत चाललीय, दोनदा औषध मारूनही वाढतंयच – मदत हवी

वाफा_सात · १ मार्च, रात्री ९:५०

नमस्कार. मी बेळगावजवळच्या एका कॉलेजात शिकते, गाव खानापूर तालुक्यात. कॉलेजच्या मागे विद्यार्थ्यांसाठी तीनेक गुंठ्याचं पॉलीहाऊस आहे, त्यात बारा वाफे, आणि एका वाफ्याला चौघांचा ग्रुप. आमचा सात नंबर, त्यात ढबू. शेजारी सहाव्यात काकडी, चारमध्ये टमाटे, नवव्यात वांगी आणि शेवटच्या अकराव्यात एकानं घरून आणलेली मिरचीची रोपं लावलीत.

जानेवारीत सगळं इतकं छान होतं की वर्ग सुटला की आम्ही तिथंच जाऊन बसायचो. फेब्रुवारीच्या मध्यापासून ढबूचे शेंडे बिघडले, नवीन पानं बारीक आणि लांबट यायला लागली, कडा मुरडल्या, फुलं गळतात, आणि जी दोन-चार फळं धरलीत त्यांच्यावर खाकी खरबरीत डाग. काकडीचं वेगळंच, पानावर टाचणीनं टोचल्यासारखे पिवळे ठिपके, खालची पानं तर वाळून कुडकुडीत.

आमच्या ग्रुपमधला एक जण बैलहोंगलकडचा आहे, तो दुकानात गेला आणि कन्नडमध्ये सांगितलं की ढबूवर नुसी पडलीय. दुकानदारानं एक औषध दिलं, ते २० तारखेला मारलं. सहाव्या वाफ्यानं त्यांच्या मनानं सायपरमेथ्रीन मारलं. मग २६ ला आम्ही निंबोळी तेल मारलं. काहीच फरक नाही, उलट काकडीचं जास्त झालं. ही भाजी हॉस्टेलच्या मेसला जाते म्हणून भीती पण वाटते. काय करू सांगा कोणीतरी, चार महिन्यांची मेहनत आहे ओ.

कडोली_भाजीपाला · १ मार्च, रात्री १०:२५

बाळ आधी मला एक सांग, पान वर मुरडलंय का खाली? वर मुरडून होडीसारखं झालंय तर फुलकिडे, आणि होडी पालथी घातल्यासारखं खाली मुरडलंय, देठ लांब झालाय, तर तो कोळी. आम्ही तीस वर्सं मिरची करतोय, हे एवढं बघितल्याशिवाय दुकानाची पायरी चढत नाय.

आणि काकडीचं पान उलटं करून बघ. पांढरा कोरा कागद खाली धर, पानावर दोन टिचक्या मार, कागदावर बारीक ठिपके पडतील ते चालतात का बघ, मग बोटानं रेघ ओढ. लालसर डाग उमटला की लाल कोळी. सकाळी कर आणि इथं सांग. तोवर कोणी कायबी मारू नका.

निपाणी_बॉर्डर · १ मार्च, रात्री ११:१०

आमच्याकडं तंबाखूला आळी-किडीला मोनोक्रोटोफॉस मारायचे घरातले, एका फवारणीत सगळं साफ व्हायचं. ते मिळालं तर बघा की.

अरभावी_पासआऊट · २ मार्च, सकाळी ६:४०

निपाणी दादा, राग मानू नका पण हे इथं लिहू नका. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंदी आहे. आणि ही तर बंद पॉलीहाऊसमधली काकडी, एक दिवसाआड तोडायची आणि त्याच संध्याकाळी पोरांच्या ताटात जायची. विद्यार्थी वाचतात हे, कोणीतरी खरंच आणून मारेल.

ताई, मी अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजातून शिकलोय, आता गोकाक भागात पॉलीहाऊस बघतो. तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो 'नुसी' शब्द. कन्नडमध्ये आपले शेतकरी दोन्हीला नुसी म्हणतात. फुलकिडे म्हणजे थ्रिप्स नुसी आणि कोळी म्हणजे माईट नुसी. तुमच्या मित्रानं नुसी सांगितलं, दुकानदारानं थ्रिप्स समजून दिलं असणार. डबा बघा, नाव काय आहे. फिप्रोनिल वगैरे असेल तर ते फुलकिड्यांचं आहे, कोळ्यावर त्याचा भरवसा नाही. मित्राची चूक नाही, दुकानात पान घेऊन गेला असता तर कळलं असतं एवढंच.

कोळी हा किडा नव्हेच, आठ पायांचा आहे, कोष्ट्याच्या जातीतला. म्हणून कीटकनाशक आणि कोळीनाशक वेगळं असतं. आणि सायपरमेथ्रीनसारख्या औषधानं उलटं होतं, कोळी खाणारे बारीक मित्रकिडे असतात ते मरतात, कोळी तसाच राहतो आणि खायला कोणी नाही म्हटल्यावर आठ-दहा दिवसात दुप्पट-चौपट. सहाव्या वाफ्यात तेच झालंय असं मला वाटतं. कडोली काकांनी सांगितलेली कागदाची टेस्ट करा, आणि लॅबमधून दहा पटीचं भिंग मिळालं तर ढबूचा अगदी शेंडा, न उघडलेली पानं, त्याखाली बघा. तिथला कोळी वेगळा असतो, पिवळा कोळी, साध्या डोळ्याला दिसतच नाही, जाळं पण करत नाही.

वाफा_सात · २ मार्च, दुपारी १:१५

केलं. काकडीच्या पानाखालून कागदावर बारीक ठिपके पडले, हळूहळू चालत होते, बोट फिरवलं तर विटकरी रंगाची रेघ. पानाखाली अगदी बारीक जाळं पण आहे, मी इतके दिवस ते धूळ समजत होते.

ढबूची पानं खाली मुरडलीत, पालथी होडी अगदी बरोब्बर. मागची बाजू तपकिरी चकचकीत झालीय. भिंगातून शेंड्यात फिकट पिवळे, पारदर्शक तेलाच्या थेंबासारखे दिसले, पळत होते. डबा पण बघितला, फिप्रोनिलच आहे. आणि नवव्या वाफ्यातल्या वांग्याला हात लावला की पांढऱ्या माशीचा ढगच उठतो, ते आम्ही कोणी मनावर घेतलंच नव्हतं, कारण वाफा आमचा नाही.

अरभावी_पासआऊट · २ मार्च, दुपारी २:०५

ढग उठतो म्हणताय ते फार मोठं आहे ताई. पिवळा कोळी स्वतः लांब जाऊ शकत नाही, तो पांढऱ्या माशीच्या पायाला धरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. म्हणजे वांग्याचा वाफा तुमचा नसला तरी तुमचा कोळी त्या माशीवर बसून कुठूनही कुठंही फिरलाय. मिरचीची रोपं घरून आणलीत म्हणालात, त्याच्यावर पण बघा, पहिला कोळी तिथूनच आला असेल तर नवल नाही. शिवाय हीच माशी टमाट्यात पर्णगुच्छाचा व्हायरस सोडते, चार नंबरवाल्यांना आजच सांगा.

वाफा_सहा · २ मार्च, संध्याकाळी ५:३०

मी सहाव्या वाफ्यातला, हिनं लिंक पाठवली म्हणून आलो. सायपरमेथ्रीन आम्हीच मारलं, ते मान्य. पण कोणाला विचारायचं होतं? आत गेलं की प्रत्येक जण आपापल्या वाफ्यात. आमच्या काकडीवर अळी दिसली, घरी मारतात तेच आणून मारलं. आता सगळे म्हणतायत काकडी उपटा. आमचे मार्क त्या वाफ्याच्या उत्पादनावर आहेत, पस्तीस वेल आहेत, अजून महिनाभर तोडणी निघेल. आमचीच का उपटायची? वांगीवाल्यांना कोण बोलणार? आम्ही काय मुद्दाम केलं नाही.

येळ्ळूर_आक्का · २ मार्च, रात्री ८:४५

पोरांनो भांडू नका, मी सांगते बघा. आमचा बायकांचा गट आहे, नऊ जणी मिळून शेडनेट चालवतो, कोथिंबीर, ढबू, काकडी. पहिल्या वर्षी आमचं पण असंच, प्रत्येकीची ओळ वेगळी, औषध वेगळं, मंगळवारी एक मारायची, गुरुवारी दुसरी, आणि तिसऱ्या महिन्यात सगळ्यांचं गेलं. वावरात दोन बांध असतात, मध्ये वारा असतो, इथं एकाच कापडाखाली सगळं. किडीला कुठला वाफा कुणाचा कळत नाही, तिला ते एकच घर.

मग आम्ही ठरवलं की ओळ कुणाची पण असू दे, बघायचं सगळ्यांचं सगळ्यांनी, आणि औषध मारायचं एकीनंच. पंपाची आणि औषधाच्या पेटीची किल्ली महिनाभर एकीकडं. तिनं वहीत लिहायचं, काय दिसलं, कुठं दिसलं, काय मारलं, तोडणी कधी चालू. दुसरीनं मनानं काय आणलं तर आत येऊ द्यायचं नाही. पहिल्यांदा राग आला एकमेकींचा, पण माल वाचला.

आणि उपटायचं ठरलं तर त्या पोरांचं नुकसान सगळ्यांनी वाटून घ्या. एकट्याच्या माथी मारलात तर पुढच्या वेळी कोणी रोग दाखवणारच नाही, लपवून ठेवणार.

कडोली_भाजीपाला · २ मार्च, रात्री ९:२०

आक्का लाखातलं बोलल्या. पोरा, पस्तीसच्या पस्तीस उपटू नको. जे वेल जाळ्यात गेलेत, निम्म्याच्या वर वाळलेत तेवढे काढ. बाकीच्यांची खालची पानं काढून टाक. पण काढताना सकाळी लवकर, गारव्याला, मोठी प्लॅस्टिकची पिशवी वेलावर घालून तोंड बांधून मग बुडात कापायचं. दुपारी हिसकावून ओढत दारापर्यंत नेलास तर वाटभर कोळी सांडणार. आणि दाराबाहेर ढीग घालून ठेवू नकोस, खड्डा काढून पूर किंवा पिशवी तशीच उन्हात आठवडाभर ठेव. वांग्याचीबी जुनी खालची पानं अशीच काढा, माशीची पिल्लं पानाखालीच असतात.

अरभावी_पासआऊट · २ मार्च, रात्री १०:५०

औषधाबद्दल लिहितो, नीट वाचा कारण दोन वाफ्यांना दोन वेगळी कामं आहेत.

ढबूवरच्या पिवळ्या कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, ८० टक्केवालं, लिटरला दोन ग्रॅम. पण तुम्ही २६ ला निंबोळी तेल मारलंय, तेल आणि गंधक जवळजवळ आलं की पानं भाजतात, दोन आठवडे तरी जाऊ द्या. म्हणजे १२ मार्चच्या आत गंधक नाही. आणि नंतर पण संध्याकाळीच, आतला पारा बत्तीसच्या वर असेल तर नाहीच. मार्चमध्ये बाहेर तेहतीस-चौतीस असतं तेव्हा कापडाखाली किती होतं ते थर्मामीटर लावून बघा, तुमचं तुम्हाला कळेल. तोवर मुरडलेले शेंडे खुडून पिशवीत.

काकडीवर गंधक मारूच नका, वेलवर्गाला सोसत नाही. काकडीला साधं पाणी. खरंच. पाइपला बारीक नोझल लावून पानाच्या खालून जोरात, सकाळी, एक दिवसाआड. लाल कोळ्याला कोरडं आणि गरम आवडतं, पाण्यानं जाळं तुटतं, अंडी धुवून जातात. पण सगळ्या हाऊसचे फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारे नोझल, चालू करून ठेवू नका, कारण ढबूवरच्या पिवळ्या कोळ्याला दमट हवा आवडते. म्हणून फक्त काकडीवर, आणि दुपारपर्यंत पानं सुकली पाहिजेत, नाहीतर केवडा रोग येऊन बसेल. तुमच्या सरांना कोळीनाशकच मारायचं वाटलं तर तो निर्णय त्यांचा, स्पायरोमेसिफेनला मिरचीवरच्या पिवळ्या कोळ्यासाठी आणि वांग्यावरच्या लाल कोळ्यासाठी लेबल आहे, डोस आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते डब्यावरचंच पाळायचं, आणि मारल्यावर दाराला कुलूप.

वांग्यावरच्या माशीला पिवळे चिकट सापळे, झाडाच्या शेंड्याच्या जरा वर, झाड वाढेल तसे वर उचलायचे. अकराव्या वाफ्यात फुलकिडे असतील तर निळे. निंबोळी अर्क घरी करा, लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर, रात्रभर भिजवून सकाळी गाळून थोडा साबण, आणि त्याच दिवशी संध्याकाळी संपवायचा, शिळा ठेवायचा नाही, उन्हात पण ताकद जाते. लेकॅनिसिलियम बुरशी मिळाली तर लिटरला पाच ग्रॅम, ती पण संध्याकाळी, आणि तिच्यासोबत बुरशीनाशक चालत नाही, मरते ती.

निपाणी_बॉर्डर · ३ मार्च, सकाळी ७:३०

परवा जे लिहिलं ते चुकलं, मागे घेतो. बंदीचं माहीत नव्हतं.

पण तंबाखूवरनं एक गोष्ट मला नक्की माहीत आहे, ती सांगतो. आमच्या घरी बिडीच्या तंबाखूचं काम चालतं. तंबाखूत मोझॅक व्हायरस असतो तो वाळलेल्या पानात, बिडीत पण राहतो, आणि हाताला लागून टमाट्याला, ढबूला जातो. माशी नको, कोळी नको, नुसता हात पुरे. बेळगाव-निपाणी भागातल्या पोरांच्या घरी हे काम असतं, कोणी मळून खातं, ओढतं. आत जाण्याआधी साबणानं हात धुवायचे आणि ज्या झाडाचं पान शबल, हिरवं-पिवळं दिसतं त्याला शेवटी हात लावायचा. आमच्या परसातले टमाटे असेच गेल्ते.

वाफा_सात · ३ मार्च, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बाराही ग्रुपचे मिळून बसलो, सरांना पण बोलावलं. आक्कांचं म्हणणं मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. सहाव्या वाफ्याचे मार्क उत्पादनावर न धरता निदान आणि नोंदीवर धरायचं सरांनी मान्य केलं, त्यावर तो काही बोलला नाही पण संध्याकाळी स्वतः पिशव्या घेऊन आला. चौदा वेल निघाले. वांगीवाल्यांनी दोन पोती पानं काढली.

वही सुरू केलीय. पहिल्या पानावर तीन रकाने, मराठी, कन्नड आणि पुस्तकातलं नाव. फुलकिडे – थ्रिप्स नुसी. कोळी – माईट नुसी. पांढरी माशी – बिळी नोण. ते बैलहोंगलच्या मित्रानं लिहिलं, अक्षर पण त्याचंच, आणि प्रत्येकापुढं पान कसं दिसतं त्याचं चित्र. दुकानात जाताना आता वहीचा फोटो आणि पिशवीत पान न्यायचं असं ठरलं. पेटीची किल्ली मार्चभर चार नंबरच्या एका मुलीकडं.

एक राहिलं. चारच्या टमाट्याचं बूड काळं पडतंय, ते पण किडीनंच का?

अरभावी_पासआऊट · ३ मार्च, रात्री १०:३५

नाही, ती कीड नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून होतं आणि बहुतेक वेळा कारण पाणी असतं, दोन दिवस कोरडं मग एकदम भरपूर. रोज थोडं थोडं, ठरलेल्या वेळी द्या. रविवारी सगळे गावाला जातात ना, तिथंच गडबड होत असेल. आणि टमाट्याचे घोस सकाळी दहा-अकराच्या सुमारास हलक्या हातानं हलवत जा, जाळीच्या आत वारा नाही, मधमाशी नाही, परागीभवन कमी होतं.

कडोली_भाजीपाला · ४ मार्च, सकाळी ६:१५

दाराचं पण बघा. एकच दार असलं आणि पोरं ये-जा करताना उघडंच असलं तर आतली सगळी मेहनत पाण्यात. दोन दारं पाहिजेत, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाय. आणि बाहेरनं चारी बाजूनी काँग्रेस गवत असणार, आपल्याकडं कुठं नाय ते, फुलकिडे आणि माशी तिथंच वाढून आत येतात. हातमोजे घालून फुलावर यायच्या आत काढा.

वाफा_सहा · १६ मार्च, रात्री ९:१०

अपडेट देतो. काकडीचे एकवीस वेल ठेवले होते त्यातले अठरा चांगले आहेत. रोज सकाळी सहाला पाइप धरून मीच असतो, पानाखालून मारताना अख्खा भिजतो पण नवीन पानावर ठिपके नाहीत. प्रत्येक वाफ्यात ठरलेली पाच झाडं, झाडाला वर, मध्ये, खाली एकेक पान, असं आठवड्यातून दोनदा बघून वहीत लिहितो. काल आठव्या वाफ्यात एका पानावर कोळी दिसला तर तिथल्या तिथं पान काढलं, पूर्वी हे कळायला वीस दिवस लागले असते. आठवाले स्वतः बोलवायला आलते.

वाफा_सात · १६ मार्च, रात्री ९:४०

ढबूवर गंधक काल संध्याकाळी मारलं, पाऊण तास थांबलो पारा एकतीसला यायला. मुरडलेली जुनी पानं तशीच आहेत.

अरभावी_पासआऊट · १६ मार्च, रात्री १०:००

जुनी पानं सरळ होणार नाहीत, त्यांच्याकडं बघून परत मारू नका. शेंड्यातून येणारी नवीन दोन पानं बघा, ती रुंद आणि सपाट आली तर काम झालं. सात दिवसांनी भिंग लावून मगच दुसऱ्या फवारणीचं ठरवा.

वाफा_सात · २८ मार्च, संध्याकाळी ७:२०

नवीन पानं सपाट आलीत!! सव्वीस झाडांपैकी एकोणीस फुलावर आहेत. सात काढली, ती काढताना मात्र मुळं बघून धक्का बसला, चार झाडांच्या मुळांना गाठी गाठी, भुईमुगाच्या गाठीसारख्या पण निघत नाहीत, मूळच फुगलंय. वहीत फोटो चिकटवला. हे काय नवीन?

कडोली_भाजीपाला · २८ मार्च, रात्री ८:३०

सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्याला न दिसणारे जंत. भुईमुगाची गाठ नखानं निघते, ही निघत नाय, बरोबर बघितलंस. पॉलीहाऊसमध्ये वर्सानुवर्सं ढबू, टमाटे, काकडी, वांगी त्याच मातीत घेतलं की होतंच. औषधानं एका दिवसात जाणारं हे नव्हे. पीक निघालं की सगळी मुळं वेचून काढा, मातीत ठेवू नका. मग एप्रिल-मेच्या उन्हात वाफे चांगले भिजवून वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत दाबायच्या, चार ते सहा आठवडे. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकच. त्यात पॉलीहाऊस बंद, आत भट्टी होते, त्याचाच फायदा. जूनला निंबोळी पेंड आणि शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुरवून घालायची, आणि दोन-चार वाफ्यात पहिलं पीक झेंडूचं घ्या, दसऱ्याला फुलंबी जातात बेळगावच्या बाजारात.

येळ्ळूर_आक्का · २८ मार्च, रात्री ९:०५

आणि फावडं-खुरपं एका वाफ्यातनं दुसऱ्यात जाताना धुवून घ्या, मातीबरोबर तेच जातं. चपला पण.

वाफा_सहा · २९ मार्च, सकाळी ६:५०

सुट्टी १५ एप्रिलपासून आहे, सगळे गावाला जाणार. मी काकतीचा, जवळच आहे, प्लॅस्टिक मी बघतो, फाटलं तर टेप लावतो. पण ताणायला तरी दहा-बारा जण पाहिजेत, १४ ला दुपारी कोण कोण थांबतंय ते इथंच सांगा, किल्ली आता माझ्याकडं आहे.

वाफा_सात · २९ मार्च, सकाळी ७:०५

आम्ही चौघं थांबतोय. खानापूरची शेवटची बस चुकली तर येळ्ळूरला आक्कांकडं जाईन म्हणते, चालेल ना ओ आक्का?

येळ्ळूर_आक्का · २९ मार्च, सकाळी ७:३०

ये की गं. येताना ती वही घेऊन ये, आमच्या गटातल्या बायकांना दाखवायची आहे.